चौथ्या निशाणावरची थाळी

१

स्वाइनुंगनं तीन बंदुका कांबळ्यावर शेजारी शेजारी मांडल्या आणि विचारलं, "पोरी, आधी एक सांग. तुला रानात एल्क मारायचाय की चांदमारीवर कागद?"

"दोन्ही," गीरिद म्हणाली.

"सगळे दोन्हीच म्हणतात."

"सगळ्यांच्या घरी तीन-तीन असतात. माझ्याकडं एकही नाही. होती ती त्याच्याबरोबर गेली."

स्वाइनुंग खाली बंदुकांकडं बघू लागला. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, पन्नास वर्षं या खोऱ्यातल्या बंदुका दुरुस्त करत आलेला, कानानं ठार बहिरा. समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायचा. पण गीरिदच्या नवऱ्याचा विषय निघाला की नजर दुसरीकडं वळवायचा, म्हणजे मग ऐकायलाच नको. गावानंही तेच केलं होतं. त्यांचे कान तर धडधाकट होते.

दोन वर्षांपूर्वीच्या शिकारीच्या हंगामात गीरिदचा नवरा आयलेव गावातल्या शिकाऱ्यांच्या टोळीबरोबर रानात गेला आणि परत आला नाही. तळ्याच्या काठावर त्याची टोपी सापडली. नऊ दिवस शोध झाला, पाणबुडे आले, कुत्री आली, मग सगळे आपापल्या घरी गेले. बुडाला, असं ठरलं. पाद्री दगड बसवू या म्हणाला. "खाली कुणी नसताना दगड कशाला? माझ्या छातीवर आहे तेवढा पुरे," असं गीरिदनं त्याला तोंडावर सांगितलं. इथं पाद्र्यालाही अरे-तुरेच करतात, त्यामुळं ते आणखीच झोंबलं.

आता ती चौपन्न वर्षांची होती. गावच्या वृद्धाश्रमात स्वयंपाक करायची. तिच्या मालकीच्या रानाच्या हिश्शापोटी टोळीत एक जागा होती, ती गेल्या हंगामात रिकामी राहिली होती. यंदाही रिकामी राहिली तर टोळीचा म्होरक्या तोर्यूस ती आपल्या मेव्हण्याला देणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गीरिदला मांसाचा सोस नव्हता. ज्या सात जणांबरोबर आयलेव गेला आणि जे सात जण त्याच्यावाचून घरी येऊन गरम सूप प्यायले, त्यांच्यात बसून एकेकाच्या तोंडाकडं तिला बघायचं होतं. त्यासाठी शिकाऱ्यांची परीक्षा द्यायची होती, आणि परीक्षेसाठी बंदूक हवी होती. एकच परवडणार होती, म्हणून उन्हाळ्यात चांदमारीवर आणि पानगळीत रानात, दोन्हीकडं चालेल अशी.

स्वाइनुंगनं पहिलीवर हात ठेवला. "ही नेमबाजीची. नळी जाड, तापली तरी हलत नाही. पण ही घेऊन डोंगर चढ, आणि वर पोचलीस की मला कळव, मी स्ट्रेचर पाठवतो."

"आणि ही?"

"ही शिकारीची. प्लास्टिकचा दस्ता, दिवसभर खांद्यावर असली तरी कळत नाही. पण सलग दहा गोळ्या झाडल्यास तर अकरावी कुठं जाईल ते देवालाही सांगता येणार नाही. शिवाय झाडली की खांद्याला लाथ घालते."

"आणि तिसरी?"

"ती आपली मांडायची म्हणून मांडली."

गीरिदनं तिसरी उचलली. अक्रोडाचा जुना दस्ता, हाताळून काळाभोर झालेला. वजन ना जास्त ना कमी. तिनं ती खांद्याला लावली, बोल्ट मागं ओढला, पुढं ढकलला, खाली दाबला. गाल दस्त्यावरून उचलावा लागला नाही. चाप सुकलेली काडी मोडावी तसा स्वच्छ सुटला. हिच्यापुढं बाकीच्या दोन नुसत्या दुकानातल्या वस्तू वाटल्या.

"कुणाची रे ही?"

स्वाइनुंगनं हात पुसायचं फडकं उगाचच घडी केलं. "तोर्यूसची. दोन वर्षं पडून आहे माझ्याकडं. खांद्याला बसत नाही म्हणतो."

"बारा वर्षं बसत होती की!"

"मला काय विचारतेस? मी बंदुका बघतो," म्हातारा म्हणाला आणि उसनवारीची चिठ्ठी लिहायला चष्मा शोधू लागला.

२

चांदमारी गावाबाहेर पाइनच्या कोरड्या माळावर होती. दुपारची वेळ, ऊन छान पडलेलं. स्वाइनुंग मागच्या बाकावर कॉफीचा थर्मास घेऊन बसला.

शंभर मीटरवर चार निशाणं होती. तीन नवी, विजेची. गोळी लागली की शेजारच्या पडद्यावर ठिपका उमटतो, कुणाला काही विचारायला नको. चौथी चौकट जुनी, लाकडी. पूर्वी सगळीच तशी होती, आणि त्यांच्याखाली सिमेंटच्या खंदकात एक माणूस असायचा. गोळी कुठं लागली ते त्यानं लांब दांड्यावरची लाल थाळी वर काढून दाखवायचं, मग भोकावर खळ लावून कागदाची चकती चिकटवायची. गोळी चुकली तर थाळी आडवी हलवायची. चुकलेल्या गोळीला इथं 'बोम' म्हणतात. आपल्याकडची बोंब साऱ्या गावाला ऐकू जाते, ही बोम अगदी निमूटपणे होते.

सव्वीस वर्षं तो खंदकातला माणूस आयलेव होता. त्याच्या दोन खोडी सगळ्यांना पाठ होत्या. थाळी वर काढण्याआधी तो दांडा सिमेंटवर दोनदा आपटायचा, टक्-टक्. आणि नेमबाजानं हात वर करून 'पाहिलं' असं कळवल्याशिवाय थाळी खाली घ्यायचा नाही. "मी दाखवलं. तू पाहिलंस की नाही हे मला कळायला नको?" म्हणायचा. एकदा तोर्यूसनं मुद्दाम हात वर केला नाही, तर हा पठ्ठ्या पंधरा मिनिटं थाळी धरून उभा. सगळी स्पर्धा खोळंबली. शेवटी तोर्यूसनं शिव्या देत हात वर केला तेव्हा कुठं थाळी खाली गेली. असला हट्टी माणूस. गीरिदनं त्याच्याशी तीस वर्षं संसार केला होता, तिला कौतुक नव्हतं त्याचं. आता मात्र त्या हट्टाची आठवण आली की ती हातातलं काम ठेवून द्यायची.

जड बंदुकीनं तिनं पाच गोळ्या झाडल्या. पाचही मधोमध. हलकीनं पाच झाडल्या. खांदा सुजला.

मग तिसरी घेतली. आडवी पडली, श्वास अर्धा सोडला, चाप ओढला. पडद्यावर ठिपका पडला, बरोबर मध्यात.

आणि शंभर मीटरवरून आवाज आला. टक्-टक्.

ती तशीच पडून राहिली. गाल दस्त्यावर, बोट चापाबाहेर. सुतारपक्षी असेल, तिनं स्वतःला सांगितलं. नाहीतर उन्हानं निशाणाचा पत्रा तडकला असेल. पत्रा तडकतोच. पण कानावर चामड्याची जाड झाकणं असताना सुतारपक्षी एवढा स्पष्ट ऐकू येतो का?

तिनं दुसरी गोळी झाडली. टक्-टक्. तिसरी. टक्-टक्.

"काही ऐकलंस?" तिनं मागं वळून विचारलं, आणि मग स्वतःच्याच प्रश्नाची तिला लाज वाटली.

"काय ऐकणार मी?" स्वाइनुंग म्हणाला. "कॉफी घे. चेहरा बघ कसा झालाय."

३

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती एकटीच गेली. नेमबाजांच्या क्लबची किल्ली आयलेवमुळं तिच्याकडं होतीच.

आधी हलकी बंदूक. पाच गोळ्या, काही नाही. मग जड. पाच गोळ्या, काही नाही. आपण उगाच घाबरलो, तिला वाटलं, रात्रपाळ्या जास्त झाल्यात. तिनं तोर्यूसची बंदूक घेतली, पहिल्या निशाणावर नेम धरला आणि चाप ओढला.

टक्-टक्.

चौथ्या चौकटीखालून थाळी वर आली.

ती सावकाश आली, आयलेवच्या हातून यायची तशी, घाई न करता. आधी लाल कड, मग अख्खी थाळी, मग दांडा. पण ती चौकटीसमोर गेलीच नाही. चौकटीला डावं घालून ती बाजूला सरकली, जिथं नुसती हवा होती, मागं माती आणि गवत. तिथं माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर थांबली. जरासुद्धा हलली नाही.

गीरिदनं बोट चापावरून काढलं. डोकं मात्र चालूच होतं, मेलं थांबत कसं नाही. कुणी थट्टा करतंय का? खंदकाला कुलूप आहे. वारा? वारा दांडा धरून उभा राहत नाही. आणि गोळी चुकली असती तर थाळी हलली असती. बोम असती तर हलली असती. ही हलत नाही, म्हणजे लागलीय. कशाला लागलीय?

सवयीनं तिनं हात वर केला. पाहिलं.

थाळी खाली गेली नाही.

तिनं पुन्हा हात वर केला, उंच, बोटं पसरून. "पाहिलं रे, पाहिलं!" ती ओरडली. आवाज चिरकला. थाळी तिथंच. सव्वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. हात वर केला की आयलेव थाळी खाली घ्यायचाच. तो न घ्यायचा एकाच वेळी, हात वर करणारा दुसराच कुणी असला तर. कुणाची गोळी आहे ते त्याला बरोबर कळायचं. "ज्याची गोळी, त्याचा हात," म्हणायचा.

तिनं बंदूक पिशवीत कोंबली. चेन लावून वर पाहिलं तेव्हा चौथ्या चौकटीच्या डावीकडं पुन्हा नुसतं गवत होतं.

४

तीन दिवस ती तिकडं फिरकली नाही. वृद्धाश्रमात बटाटे सोलले, मासे उकडले, वॅफल भाजले. चौथ्या दिवशी आयलेवचा किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकून ती भर दुपारी खंदकाकडं चालत गेली.

कुलूप गंजलेलं होतं. त्यावर कोळ्याचं जाळं होतं, अख्खं. म्हणजे इथून कुणी गेलं नाही, तिनं मनाशी नोंदवलं. किल्ली फिरवायला दोन्ही हात लागले.

आत सिमेंटचा अरुंद बोळ, वर फळ्यांचं छप्पर, फटींतून उन्हाच्या पट्ट्या. बाकावर आयलेवची बसायची जुनी उशी, उंदरांनी कुरतडलेली. भिंतीवर खिळ्याला थाळी टांगलेली, धूळ बसलेली. गीरिदला एकदम हायसं वाटलं. धूळ आहे! मग कसली थाळी आणि कसलं काय. तिनं दांड्याला हात लावला.

दांडा कोमट होता. नुकता कुणी सोडल्यासारखा.

तिनं हात मागं घेतला आणि तेव्हाच बाकाखाली खळीचा डबा दिसला. बटाट्याच्या पिठाची खळ, आयलेव घरूनच शिजवून न्यायचा. दोन वर्षांत वाळून तिचे पापुद्रे व्हायला हवे होते. ती मऊ होती, ओली. कुंचला तीत उभा होता.

चकत्यांची पाकिटं फोडलेली होती, सगळीच्या सगळी, रिकामी. चकत्या कुठं गेल्या ते तिला लगेच दिसलं. समोरच्या भिंतीवर, छातीएवढ्या उंचीवर, एकाच जागी त्या एकावर एक चिकटवल्या होत्या, बोटभर जाडीचा थर. एकच भोक कुणीतरी पुन्हा पुन्हा बुजवत होतं आणि ते बुजत नव्हतं.

नखानं तिनं कड उचलली. थर सहज सुटून आला. खाली सिमेंट होतं, साधं, एक ओरखडाही नसलेलं. पण त्यातून पाणी पाझरलं. चहासारखं तपकिरी, गार. वास आला, आणि त्या वासानं ती मटकन बाकावर बसली.

तो तळ्याचा वास नव्हता. दोन उन्हाळे ती रोज तळ्याकाठी फिरली होती, तळ्याचा वास तिच्या कपड्यांतून जात नव्हता. हा दलदलीचा वास होता. कुजक्या शेवाळाचा आणि दलदलीतच उगवणाऱ्या त्या कडवट झुडपाचा. माळावरच्या कोरड्या खंदकात तो कुठून यायचा?

दलदल म्हटल्यावर तिला टोळीची वही आठवली. शिकारीच्या दिवशी झाडलेली प्रत्येक गोळी म्होरक्या त्या वहीत लिहितो. त्या दिवशी एकच गोळी झाडली गेली होती. पोलिसांनी ते पान तिच्यासमोर वाचलं होतं आणि तिला ते तोंडपाठ होतं. दुपारी चार वीस, दलदलीची उत्तरेकडची कड, एल्कचा मोठा नर, गोळी तोर्यूसची. बोम.

इथला कायदा साधा आहे. जनावराला गोळी लागली तर त्याचा माग काढायचा, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, सापडेपर्यंत. तोवर टोळीनं दुसरी गोळी झाडायची नाही. पण बोम म्हटलं की संपलं. काही लागलंच नाही तर शोधायचं काय?

आणि आयलेवच्या शोधाच्या वेळी माणसांना जागा वाटून देणारा कोण? तोर्यूस. तळ्यावर वीस माणसं, कड्यावर दहा. टोपी सापडली ती कुणाला? तोर्यूसला. "दलदलीचं माझ्याकडं लागलं," तो म्हणाला होता, गीरिदच्या खांद्यावर हात ठेवून. "तिथलं गवत न् गवत मला माहीत आहे." आणि तिनं, मूर्खासारखं, त्याचे आभार मानले होते. त्याच्या बायकोला बरणीभर मुरंबा पाठवला होता.

तोर्यूसची बंदूक सरकारी नोंदीतली. फेकता येत नाही, हरवली म्हणता येत नाही. मग दुकानात पडू द्यायची.

खंदकात गीरिद किती वेळ बसली होती कुणास ठाऊक. निघताना तिनं पाहिलं, भिंत कोरडी झाली होती.

५

परीक्षा शनिवारी सकाळी होती. पाच गोळ्या, समोर रेनडिअरचं चित्र, पाचही गोळ्या वर्तुळात पडायला हव्यात. परीक्षक तोर्यूसच. गोरापान, दांडगा, सगळ्यांच्या पाठीवर थाप मारणारा माणूस. मारलेल्या प्रत्येक जनावराच्या तोंडात तो स्प्रूस झाडाची हिरवी डहाळी ठेवायचा. शेवटचा घास म्हणतात त्याला. जुनी रीत आहे, बाकीच्यांनी सोडली, पण तोर्यूसनं ससा मारला तरी त्याचा घास कधी चुकला नाही. आधी मारायचं आणि वर जेवू घालायचं. गावाला त्याचं भारी कौतुक.

"गीरिद! स्वयंपाकघर सोडून इकडं कुठं?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तिकडं म्हाताऱ्यांचं सूप करपेल."

"करपलं तर वास येतो, तोर्यूस. वास न येणाऱ्या गोष्टींचीच भीती."

तो हसला. मग त्याची नजर तिच्या हातातल्या बंदुकीवर गेली आणि हसू तोंडावर तसंच राहिलं, काढायला विसरल्यासारखं.

तिनं पाच गोळ्या झाडल्या. पाचही वर्तुळात. या वेळी टक्-टक् झालं नाही, थाळी आली नाही. ती येणार नाही हे तिला का कोण जाणे ठाऊक होतं. तोर्यूसनं कागदावर सही केली. बाकीची माणसं वॅफल आणि मुरंब्यासाठी क्लबच्या खोलीत गेली. चांदमारीवर तिघंच उरली, ती, तोर्यूस आणि बाकावर स्वाइनुंग.

"चांगली निवडलीस," तोर्यूस म्हणाला. "दोन्ही कामांची आहे ती."

"मग का दिलीस?"

"खांदा दुखायचा."

"एक गोळी झाड ना. मला बघायचंय ती तुझ्या हातात कशी चालते."

"छे गं. कागद भरायचेत."

"आपल्याच बंदुकीला घाबरतोस होय?"

स्वाइनुंग त्यांच्या ओठांकडं बघत होता. "झाड की रे," तो बाकावरून म्हणाला. "एका गोळीनं काय होतंय?"

तोर्यूसनं बंदूक घेतली. घेताना हात पँटला पुसले. आडवा पडला. बराच वेळ नेम धरला. कान झाकायचं विसरलाय हे गीरिदनं पाहिलं आणि काही बोलली नाही.

गोळी सुटली. पडद्यावर ठिपका पडला, बरोबर मध्यात.

टक्-टक्.

"खंदकात कोण आहे?" स्वाइनुंग म्हणाला.

गीरिदनं वळून पाहिलं. दहा वर्षं ज्याला दारावरची घंटा ऐकू आली नव्हती तो म्हातारा उभा राहिला होता.

थाळी वर आली. चौकटीला डावं घालून बाजूला सरकली. छातीएवढ्या उंचीवर थांबली. सकाळच्या उन्हात तिचा लाल रंग जिथून उडाला होता ती जागासुद्धा दिसत होती.

"बोम," तोर्यूस म्हणाला.

त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. पडद्यावर ठिपका मध्यात होता आणि तो थाळीकडं बघत होता. "बोम होती ती. बोम." ओठ पांढरे पडले होते.

"हलत नाहीये ती, तोर्यूस," गीरिद म्हणाली. आवाज आपला आहे असं तिला वाटेना. "बोम असती तर हलली असती. लागलीय. आणि लागलेलं शोधायचं असतं. दरवर्षी नव्या माणसांना तूच शिकवतोस ना?"

तो उठला. गुडघे झाडले. तिला वाटलं होतं तो ओरडेल, हसेल, तिला वेडी ठरवेल, ते सोपंही होतं. पण तो तिच्याकडं न बघता आपल्या गाडीकडं चालू लागला. गीरिदनं बंदूक उचलली आणि त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली. स्वाइनुंग मागं बसला. गाडी निघाली तेव्हा तिनं काचेतून मागं पाहिलं. थाळी अजून वर होती.

६

दलदलीपर्यंत तोर्यूसनंच गाडी चालवली. वाटेत एकदाच तो म्हणाला, "उन्हं तोंडावर होती त्या दिवशी," आणि मग वाक्य तिथंच सोडून दिलं.

गाडी थांबल्यावर तो पुढं झाला. गीरिदनं त्याला वाट सांगितली नाही. तो कुठंही थांबला नाही, कुठं वळायचं याचा विचार केला नाही. गवताच्या या ढेपळावरून त्या ढेपळावर, काळ्या पाण्याला बगल देत, स्वतःच्या अंगणातून चालावं तसा चालला होता. दोन उन्हाळे ती तळ्याचा तळ काठीनं ढवळत होती, आणि या माणसाच्या पायांना सगळं माहीत होतं. किती वेळा आला असेल हा इथं? ती त्याच्या रुंद पाठीकडं बघत चालली होती आणि खांद्यावरच्या बंदुकीचं वजन तिला पावलागणिक जाणवत होतं. खिशात तीन काडतुसं होती. तिनं ती मोजली नव्हती, बोटांनी आपली आपण मोजली.

तोर्यूस थांबला. त्यानं टोपी काढली.

समोर पाण्याचा डोह होता, दाराएवढा. पाणी तपकिरी, स्थिर. आजूबाजूला कडवट वासाची झुडपं, शेवाळ, आणि लांबवर एकही स्प्रूस नाही.

डोहाच्या मधोमध स्प्रूसची डहाळी उभी होती.

वीतभर पाण्याबाहेर. हिरवीगार. टोकांना कोवळी, पोपटी पालवी. दोन वर्षांपूर्वी तोडलेली डहाळी अशी असत नाही, हे गीरिदला कळत होतं. वारा नव्हता हेही कळत होतं. डहाळी हलत होती. अगदी सावकाश, खाली-वर, खाली-वर, कुणीतरी मन लावून चावत असल्यासारखी.

"घास दिलास तू त्याला," ती म्हणाली.

"मला वाटलं, नरच आहे..." तोर्यूस म्हणाला. "सवयीनं गं. पाहिलं तेव्हा... मग हाताला काही सुचेना, सवयीनं..."

ती काठावर गुडघ्यांवर बसली. पाण्यात आधी आकाश दिसलं, मग स्वतःचा चेहरा. मग नजर खाली गेली, आणि डहाळीचं बूड कशात धरलंय ते तिनं पाहिलं. ती ओरडली नाही. तिनं फक्त "अगं आई गं" म्हटलं, ते तोंडातल्या तोंडात.

मागं स्वाइनुंग पाइनच्या खुंटाला धरून उभा होता. "पोरी," तो म्हणाला, "बंदूक दे माझ्याकडं."

तिनं बंदूक खांद्यावरून उतरवली. क्षणभर ती तिच्या दोन्ही हातांत होती, ना जड ना हलकी, गालाला बसणारी. हीच हवी होती तिला. मग तिनं ती न वळता मागं धरली आणि म्हाताऱ्यानं ती घेतली.

"हात वर कर," ती तोर्यूसला म्हणाली.

"काय?"

"मी केला होता. माझा चालत नाही त्याला. ज्याची गोळी त्याचा हात. कर वर."

"गीरिद, अगं माझी मुलंबाळं..."

"दोन वर्षं धरून उभा आहे तो, तोर्यूस! दोन वर्षं! तू त्याला ओळखतोस ना? तू हात वर केल्याशिवाय तो खाली घेणार नाही."

तोर्यूस रडत होता. एवढा दांडगा माणूस, नाक पुसायचंही भान नव्हतं. त्याचा उजवा हात आधी कोपरात वाकला, खांद्यापर्यंत आला, तिथं अडला. मग वर गेला, पूर्ण वर, बोटं पसरून.

डहाळी हलायची थांबली. जराशी थबकली, त्याच्याकडं नीट बघून घेतल्यासारखी. मग ती सरळ, सावकाश पाण्याखाली गेली आणि ज्यात ती धरली होती ते मिटलं. पाणी हललंसुद्धा नाही.

कुठूनतरी, शेवाळाखालून, गुडघ्यांना जाणवेल एवढंच आलं. टक्-टक्.

फोनवर पोलिसांना संदेश पाठवायला स्वाइनुंग रेंज मिळेल अशा उंचवट्याकडं गेला. गीरिद काठावर तशीच बसून राहिली. तोर्यूसचा हात अजून वरच होता. खाली घे असं त्याला कुणी म्हटलं नाही.